चौथीच्या पानावरच्या दुरुस्त्या

चौथीच्या वर्गाचं संकेतस्थळ मी काढलं ते चपलेच्या रिकाम्या खोक्यांमुळे.

हस्तकलेच्या तासाला प्रत्येक मुलाने एक रिकामं खोकं आणायचं होतं. तसा निरोप मी आदल्या दिवशी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. दुसऱ्या दिवशी अकरा मुलांपैकी एकानेही खोकं आणलं नाही. मी गट उघडून पाहिला. माझ्या निरोपाच्या खाली गुलाबाची सात फुलं, हरवलेल्या वासराचा फोटो, ते वासरू सापडल्याचा फोटो, देवळातल्या दशावताराची वेळ, ती वेळ बदलल्याची सूचना आणि त्यावरून दोन वाड्यांमध्ये झालेलं भांडण असं सगळं होतं. खोक्याचा निरोप शोधायला मलाच बराच वेळ लागला. पालकांना दोष देण्यात अर्थ नव्हता.

आमची शाळा सिंधुदुर्गातल्या बांद्यापासून आत, डोंगराच्या अंगाला. शिक्षक दोन. एक मुख्याध्यापक आणि दुसरी मी, म्हणजे बाकीचा सगळा कर्मचारीवर्ग. पहिली-दुसरी त्यांच्याकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मी बांद्याला भाड्याच्या घरात राहत होते आणि स्कूटरने जाऊन-येऊन करत होते. त्याच सुमारास तालुक्याला आमचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. त्यात एका दुपारी वर्गाचं संकेतस्थळ कसं काढायचं ते दाखवलं. सगळ्या शिक्षकांनी वहीत उतरवून घेतलं आणि ते चहाला गेले. मी घरी आल्यावर खरोखर करून बघितलं, कारण खोक्यांचा राग अजून गेलेला नव्हता.

दोन दिवसांत पान तयार झालं. वर शाळेचा फोटो, खाली तीन रकाने: आज काय शिकलो, घरी काय करायचं, उद्या काय आणायचं. त्याच्याखाली फळ्याचा फोटो. मुलांची नावं नाहीत, त्यांचे चेहरे नाहीत. तिथे कुणी फुलं टाकू शकत नव्हतं, ही माझ्या दृष्टीने त्याची मुख्य सोय.

मुख्याध्यापकांना दाखवलं. ते निवृत्तीला आलेले, सज्जन गृहस्थ. त्यांनी पान वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "बाई, छान आहे. पण लिहून ठेवलेलं कोणीतरी तपासतं."

"तपासू देत की सर."

"तुमची नोकरी अजून बरीच आहे, म्हणून तुम्ही असं म्हणता," असं म्हणून ते पोषण आहाराच्या तांदळाकडे गेले.

शाळेत रेंज नव्हती. सुटल्यावर मी स्कूटरने निघायचे, वाटेत सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या मोकळ्या पठारावर, थांबायचे आणि तिथे कातळावर उभी राहून त्या दिवशीचं पान चढवायचे. किती जणांनी पान पाहिलं त्याचा आकडा तळाशी दिसायचा. पहिल्या आठवड्यात तो रोज एक असायचा. ती मी. दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी दोन झाला. मला बरं वाटलं. मग लक्षात आलं की त्या दिवशी मी घरी जाऊन पुन्हा एकदा पाहिलं होतं.

श्रावणात चौथीतली एक मुलगी शेवाळलेल्या पायऱ्यांवरून घसरली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. प्लॅस्टर पार कमरेपर्यंत. डॉक्टरांनी दिवाळीपर्यंत शाळा नाही म्हणून सांगितलं. तिचं घर व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडच्या शेवटच्या वाडीत. पहिले काही दिवस मी तिचा अभ्यास कागदावर लिहून त्या बाजूच्या मुलांबरोबर पाठवला. कागद पोचायचे, पण ओले. शाई पसरून गुणाकार आणि कविता एकमेकांत मिसळायच्या. शेवटी मी तिच्या वडिलांना फोन केला आणि संकेतस्थळाचा पत्ता दिला.

हे मी थोडं नाइलाजानेच केलं. मुलीचे वडील शाळेला चांगले माहीत होते. काजूची बाग, थोडं भात, दोन म्हशी असा त्यांचा संसार. माणूस कमी बोलणारा, पण ग्रामसभेत उठून उभा राहणारा. शाळेच्या फाटकावरच्या पाटीत 'प्राथमिक' शब्दाची वेलांटी चुकली आहे, हा मुद्दा त्यांनी सलग तीन ग्रामसभांत मांडला होता. पाटी शेवटी पुन्हा रंगवावी लागली. तेव्हापासून ते फाटकातून आत आले की मुख्याध्यापक उगाचच टेबल आवरायला लागत.

पत्ता दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पावणेसहाला फोन आला. सरकारी माणसाशी बोलताना इकडे सगळेच करतात तशी त्यांनीही सुरुवात शुद्ध मराठीत केली.

"नमस्कार बाई. मी चौथीच्या विद्यार्थिनीचा पालक बोलतो आहे. आपलं पान पाहिलं." एवढ्यावर शुद्ध मराठी संपली. "भागाकार चुकलो."

"कुठला?"

"चौऱ्याऐंशीक सहान भागला तर तेरा नाय येणत. चौदा येतत."

मी फळ्याचा फोटो मोठा करून पाहिला. तेरा होते, माझ्याच अक्षरात. वर्गात दहा मुलांनी ते तेरा वहीत उतरवून घेतले होते आणि एकालाही शंका आली नव्हती. मी आभार मानले, फोन ठेवला आणि गुपचूप फोटो काढून टाकून खाली बरोबर उत्तर लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला पुन्हा फोन.

"बाई, उत्तर बदललासा."

"हो, केलं बरोबर."

"ता बरा केल्यात. पण चुकला होता, ता खंय लिवला हा?"

मी म्हटलं, "कुठे लिहायचं? म्हणजे?"

"काल ज्यानी तेरा बगल्यानी, त्यांका आज कळतला कसा?"

बघते म्हणून मी फोन ठेवला. त्या रात्री जेवताना मला त्या माणसाचा बराच राग आला. वीस वर्षं शिकवतेय, एक भागाकार चुकला तर चुकला. पण सकाळी वर्गात दहा वह्यांत तेरा दिसले. मी सगळ्यांना ते खोडायला लावलं आणि संध्याकाळी सड्यावर उभी राहून पानाला चौथा रकाना जोडला. त्याचं नाव 'दुरुस्ती'. पहिली नोंद अशी: 'मंगळवारच्या भागाकारात बाईंचे उत्तर चुकले होते. बरोबर उत्तर चौदा.'

मुख्याध्यापकांनी ते वाचलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "बाई, स्वतःच्या हाताने पुरावा?"

मी म्हटलं, "पालकांचा आग्रह होता."

"कुठले पालक?" त्यांनी विचारलं, मग त्यांना आठवलं आणि त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

फोन रोज येऊ लागला. मी साडेपाचलाच चहा पिऊन तयार राहायचे. सगळ्याच तक्रारी खऱ्या नसत. एकदा त्यांनी 'आशीर्वाद' शब्द चुकला म्हणून सांगितलं, तो बरोबर होता. मी शब्दकोशातलं पान वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मगे पाटयेर लिवतत तो चुकीचो," आणि गावातल्या आणखी एका पाटीचं भवितव्य ठरलं. पण बऱ्याचदा ते बरोबर असत, आणि ते मला आवडत नसे.

गणित, शुद्धलेखन इथपर्यंत मी निभावलं. मग परिसर अभ्यास आला. मी लिहिलं होतं, 'खाडीचे पाणी खारट असते.'

"बाई, कधी?" फोनवर त्यांनी विचारलं.

"कधी म्हणजे? नेहमी."

"तुमी आरोंद्याक गेलल्यात कधी? आता, पावसात?"

"गेले नाही."

"जावन बगा," म्हणाले, आणि फोन ठेवला.

मी सावंतवाडीची. आमच्या घरी मासळी यायची ती टोपलीतून, खाडी आम्ही पुलावरून पाहिलेली. तो विषय मी सोडून देऊ शकले असते. पण रविवारी मी स्कूटर काढली आणि रेनकोट घालून आरोंद्याला गेले. खाडी भरून वाहत होती, पाणी गढूळ, तांबडं. धक्क्याच्या पायऱ्या उतरले, ओंजळीत पाणी घेतलं आणि जिभेला लावलं. खारट नव्हतं. गोडही म्हणता आलं नसतं. मातीची चव होती. खात्री करायला मी पुन्हा एकदा घेतलं.

वर एक बाई जाळं पसरत होती. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. "काय पडला काय गो पाण्यात?" तिने विचारलं.

"नाही. पाणी खारट आहे का बघते."

"आता खंयचा खारट? वयलो पावस सगळो हयच येता. दिवाळेक ये, मगे खारट गावतला." वरच्या पावसाचं सगळं पाणी तिथे उतरत होतं; खारट हवं तर दिवाळीला यायचं.

सोमवारी मी पानावर लिहिलं: 'खाडीचे पाणी पावसाळ्यात फारसे खारट नसते. बाईंनी आरोंद्याला जाऊन चव घेतली.' तो दिवस मला आठवतो, कारण त्या दिवशी पान पाहणाऱ्यांचा आकडा पहिल्यांदा विसाच्या वर गेला. बाई खाडीचं पाणी प्यायल्या ही बातमी मुलांनी घरोघर नेली होती आणि लोकांना ती लेखी बघायची होती.

त्यानंतर वर्गात एक बदल झाला. माझी चूक आपल्याला सापडत नाही, ती घरी बसलेल्या मुलीच्या वडिलांना सापडते, हे त्या दहा मुलांच्या मनाला लागलं. ती घरी जाऊन आई-वडिलांचे फोन घेऊ लागली आणि पान वाचू लागली. चूक शोधायची तर पान सगळं वाचावं लागतं, उदाहरण पुन्हा सोडवून बघावं लागतं. मी मुलांना कितीतरी वर्षं हेच करायला सांगत होते. सकाळी मी वर्गात शिरले की आधी दोघे-तिघे हात वर करून उभे. "बाई, काल 'नदी'चं अनेकवचन राहिलं." "बाई, सातचा पाढा सत्तरपर्यंत लिहिला नाही." गृहपाठ न आणणाऱ्यांची संख्या कमी होत होत एकावर आली. त्या एकाने सांगितलं की त्याच्या घरचा फोन म्हशीने तुडवला. ते खरं निघालं. काही पालक म्हणायचे की बाई मुद्दाम चुका करतात. मी ते खोडून काढलं नाही. मुद्दाम करायची मला कधीच गरज पडली नाही.

पहिल्या सत्राची परीक्षा जवळ आली. मुलगी अजून प्लॅस्टरमध्येच होती. तिचा पेपर घरी जाऊन घ्यायचं मी ठरवलं आणि वडिलांना तसं फोनवर सांगितलं.

"येवा," ते म्हणाले. "दोन प्रती घेवन येवा."

मला वाटलं एक पावसात भिजली तर दुसरी असावी.

शनिवारी शाळा सुटल्यावर व्हाळावरचा साकव ओलांडून मी त्यांच्या घरी गेले. मुलगी पडवीत खाटेवर, पाय उशीवर. प्लॅस्टरवर तिने सगळे पाढे लिहून काढले होते. परीक्षेच्या दृष्टीने ते अडचणीचं होतं, म्हणून मी त्याच्यावर चादर घातली. तिच्या आईने कोकमाचं सरबत आणून दिलं आणि ती पुन्हा मळ्यात गेली. वडील अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, चष्मा लावून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मांडीवर पाट आणि पाटावर टोक केलेली पेन्सिल.

मी मुलीला पेपर दिला. त्यांनी हात पुढे केला.

"तुम्हाला?"

"दोन प्रती सांगलंय ना," ते म्हणाले. मग जरा थांबून, मुलीकडे न बघता, "चौथीत असताना बापूस आजारी पडलो. गुरांकडे कोण नाय होता. परीक्षा माझी रवली ती रवलीच."

मी दुसरी प्रत दिली. घड्याळ काढून ठेवलं आणि वेळ सांगितली. दीड तास.

दोघांनी लिहायला सुरुवात केली. मी पडवीत त्या टोकापासून ह्या टोकापर्यंत फिरत होते, वर्गात फिरते तशी. मुलगी भराभर लिहीत होती. वडील प्रत्येक शब्दाआधी पेन्सिल हवेत एकदा फिरवून बघत. साधारण अर्ध्या तासाने त्यांनी मान लांब करून मुलीच्या कागदात डोकावलं. नियमाप्रमाणे मी ताकीद दिली. ते खाली बघून "सॉरी" म्हणाले आणि खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून बसले. मुलीने चादरीत तोंड खुपसलं. तिचे खांदे हलत होते.

पेपर गोळा केल्यावर त्यांनी मला त्यांची वही दाखवली. तेव्हा मला समजलं की त्यांच्या घरात फोनला रेंजच नाही. रेंज मिळते ती गोठ्यामागे, फणसाच्या बुंध्याशी. रोज संध्याकाळी ते तिथे उभं राहून पान उघडत आणि सगळं वहीत उतरवून घेत. आज काय शिकलो, घरी काय करायचं, उद्या काय आणायचं, अगदी 'उद्या रिकामी काड्यापेटी आणणे' इथपर्यंत. पाऊस असला तर डोक्यावर इरलं. मग घरात येऊन मुलीला शिकवत. श्रावणापासूनची पानं होती. कुठे कुठे थेंब पडून अक्षर पसरलं होतं, तिथे त्यांनी बाजूला पुन्हा लिहिलं होतं. माझ्या चुका लाल पेन्सिलीने गोल केलेल्या होत्या. एक ओळ लिहायची तर ती सावकाश वाचावी लागते, म्हणून त्यांना सगळं दिसत होतं.

मी म्हटलं, "अहो, त्या पानाचा फोटो फोनमध्ये ठेवता येतो. इथे आत बसून बघता येईल. एका बोटाचं काम आहे."

"म्हायत आसा," ते मुलीकडे बोट दाखवून म्हणाले. "चेडवान दाखवल्यान. पण लिवल्याशिवाय माका कळणा नाय."

परत येताना साकवावर मी थोडा वेळ उभी राहिले. घाई काही नव्हती. सहा आठवडे मी ह्या माणसाच्या फोनला वैतागले होते आणि मुख्याध्यापकांबरोबर त्याच्यावर हसलेही होते, ते मला आठवत होतं.

पेपर मी दोन्ही तपासले. मुलीला पन्नासपैकी एक्केचाळीस. वडिलांना अडतीस. निकाल फोनवर सांगितला. मुलीच्या गुणांवर ते काही बोलले नाहीत. स्वतःच्या गुणांवर म्हणाले, "भाताचो प्रश्न बगा परत."

प्रश्न होता, भाताची कापणी केव्हा होते. पुस्तकातलं उत्तर, पावसाळा संपल्यावर. त्यांनी लिहिलं होतं: 'दसऱ्याच्या मागेपुढे. वायंगण असेल तर शिमगा झाल्यावर. पाणी कोणाकडे किती आहे त्यावर.' वायंगण म्हणजे उन्हाळ्यात ओलीवर घेतलेलं दुसरं पीक. आमच्याकडे व्हाळाकाठचे लोक ते अजून करतात, आणि शाळेच्या खिडकीतून ते मला दरवर्षी दिसत आलं होतं. मी त्या उत्तराला अर्धा गुण दिला होता. तो पूर्ण केला. साडेअडतीस झाले.

"बाकीचे चुकले ते चुकले," ते म्हणाले.

पानावर दुरुस्ती गेली: 'भात वर्षातून दोनदाही होते.'

दिवाळीनंतर केंद्रप्रमुख शाळेच्या भेटीला आले. मुख्याध्यापकांनी त्यांना तांदूळ दाखवला, पाण्याची टाकी दाखवली, झेंड्याचा खांब दाखवला. संकेतस्थळाबद्दल ते काही बोलले नाहीत. पण केंद्रप्रमुखांना कुठूनतरी कळलं होतं. त्यांनी पान आधीच सड्यावर थांबून फोनमध्ये उघडून आणलं होतं. ते खुर्चीत बसले आणि वाचू लागले. मुख्याध्यापक खिडकीतून बाहेर बघत राहिले.

"दुरुस्तीत सतरा नोंदी आहेत," केंद्रप्रमुख म्हणाले. "सगळ्या तुमच्या?"

"पंधरा माझ्या," मी म्हटलं. "दोन सरांच्या. मी रजेवर होते तेव्हा वर्ग त्यांच्याकडे होता."

मुख्याध्यापकांनी खिडकीतून मान वळवली नाही.

केंद्रप्रमुखांनी चौथीच्या मुलांना काही प्रश्न विचारले. मुलांनी उत्तरं दिली. एका मुलाने त्यांना सांगितलं की त्यांनी फळ्यावर लिहिलेल्या अपूर्णांकाची रेघ वाकडी आहे. मग त्यांनी भेटवहीत शेरा लिहिला: 'वर्गाचे संकेतस्थळ हा उपक्रम स्तुत्य. चुका कमी कराव्यात.' तो शेरा आम्ही दोघांनी दोन-दोनदा वाचला. मुख्याध्यापक म्हणाले, "वाचलो म्हणायचं."

मुलगी त्याच आठवड्यात शाळेत आली, थोडी लंगडत, पण आली. आणि पावणेसहाचा फोन बंद झाला. पहिल्या दिवशी मी चहाचा कप घेऊन बसले होते, सहा वाजले, सव्वासहा वाजले. दुसऱ्या दिवशीही तेच. मला हलकं वाटायला हवं होतं. मी स्वतःच पान उघडून एकेक ओळ तपासत बसले आणि तिथे दोन चुका सापडल्या. त्या सांगायला कोणी नव्हतं. चार दिवसांनी मीच फोन केला.

"बरे आहात ना? फोन नाही आला."

"चेडू येता मा आता शाळेत. ता बगता. माजी काजीत बेणणी चलली हा." काजूच्या बागेतलं रान काढायचं काम. मग म्हणाले, "पान बगतंय मी. लिवन पण घेतंय."

"मग चुका?"

"चेडवाक सांगतंय. ता वर्गात सांगता."

म्हणजे सकाळी हात वर करून उभ्या राहणाऱ्यांत ती सगळ्यात पुढे असायची, त्याचं कारण हे होतं.

मार्चमध्ये त्यांनी वार्षिक परीक्षेचं विचारलं. या वेळी घरी नको, शाळेत बसायचं होतं. मी मुख्याध्यापकांशी बोलले.

"हजेरीत नाव नाही, तर परीक्षा कसली?" ते म्हणाले. "मला काही माहीत नाही. मला काही सांगू नका." थोड्या वेळाने परत आले. "शनिवारी करा, मुलं गेल्यावर. आणि वर्गात नको. बाहेर."

त्या शनिवारी ते बागेतून थेट आले. ऐन काजूचा हंगाम, बोटं चिकाने काळी झालेली. ती त्यांनी नळावर बराच वेळ चोळली, पण डाग निघाले नाहीत. मग व्हरांड्याच्या पायरीवर बसून पाट मांडीवर घेतला. मी सगळ्या विषयांचे पेपर दिले. पाच मिनिटांनी मुख्याध्यापक कार्यालयातून स्वतःचं लाकडी टेबल ओढत आले. मी हात लावायला गेले तर म्हणाले, "तुम्ही पर्यवेक्षण करा." टेबल पायरीशी लावलं, खुर्ची आणली. "पायरीवर अक्षर बिघडतं," एवढंच बोलून ते आत गेले.

या वेळी ते कुठे डोकावले नाहीत, डोकावायला कोणी नव्हतंच. पूर्ण वेळ घेतला. पेपर देताना म्हणाले, "मराठी बरा गेला. गणितात शेवटचा जमला नाय." गणिताचा पेपर मुख्याध्यापकांनी स्वतःहून तपासायला मागून घेतला. सगळे विषय मिळून ते आरामात उत्तीर्ण झाले. मुलीला त्यांच्यापेक्षा जास्त होते, आणि ते बरोबरच होतं.

निकालाच्या दिवशी मी सड्यावर थांबून पानावर लिहिलं: 'चौथीचे अकराही विद्यार्थी उत्तीर्ण.' त्याच संध्याकाळी मुख्याध्यापकांचा फोन आला. ते कधी फोन करत नसत.

"बाई, पान पाहिलं. दुरुस्ती टाकावी लागेल."

"काय चुकलं सर?"

"आकडा. बारा हवा." मग त्यांनी आवाज खाली केला, घरी एकटे असूनही. "वरती पाठवायच्या कागदावर अकराच ठेवा. पानावर बारा करा."

मी बारा केलं. अर्ध्या तासाने दुसरा फोन आला, गोठ्यामागून, कारण म्हशीचा आवाज येत होता.

"बाई, चौथीत अकरा जणा आसत. बारावो कोण?"

"तुम्ही."

म्हैस दोनदा ओरडली.

"नाव घातलासा?"

"नावं कुणाचीच नाहीत पानावर."

"बरा," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

पुढच्या वर्षी माझी बदली देवगड तालुक्यात झाली. तिथे शाळा मोठी, बंदराजवळ. पालक बोटीवर किंवा आंब्याच्या कामात. मी पहिल्याच आठवड्यात पान काढलं आणि चार रकाने पहिल्यापासून ठेवले. बोटीवर जाणारे वडील किनाऱ्याजवळ रेंज आली की पान बघतात. एकाने मला सांगितलं की त्याचं पोर शाळेत काय करतं ते त्याला पूर्वी फक्त पावसाळ्यात कळायचं, बोटी किनाऱ्याला असतात तेव्हा. इथले पालक चुका काढत नाहीत. मुलं काढतात, पण जरा शिकवावी लागली.

गेल्या मे महिन्यात मी बांद्याच्या बाजारात जुन्या शेजारणीसाठी आंबे घेऊन गेले होते. तिथे मुलीचे वडील भेटले. विळ्याला धार लावून घेत उभे होते. मुलगी आता पुढच्या शाळेत सहावीला, धावण्याच्या शर्यतीत भाग घेते म्हणाले. मी त्यांचं विचारलं.

"पाचवी चलली हा माजी," ते म्हणाले. "चेडवाची जुनी पुस्तका आसत. इंग्रजी कठीण आसा. लिवतत एक आणि वाचतत दुसराच." मग तक्रारीच्या सुरात, "थयच्या बाई पान काढणत नाय. तुमी सांगा त्यांका."

मी सांगते म्हटलं. त्यांच्याकडून नंबर घेतला आणि मुलीच्या शाळेतल्या त्या बाईंना खरोखरच फोन केला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. पान कसं काढायचं, किती वेळ लागतो, पालकांना काय फायदा होतो, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "पण त्यात माझी काही चूक राहिली तर?"

मी त्यांना खाडीच्या पाण्याची गोष्ट सांगितली. त्या हसल्या आणि विचार करते म्हणाल्या. जून उजाडून शाळा सुरू व्हायला तेव्हा अजून तीन आठवडे होते.